नाताळच्या सुट्टीत चार दिवस कोलकात्यात

आपल्या वस्त्यांतून 'सहल' हा शब्द अजून पाहुण्यासारखाच येतो. तसा प्रवास आपण पुष्कळ करतो. लग्नकार्याला जातो, मयतीला जातो, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जातो. परंतु कोणाचे कार्य नसताना, बायकामुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना बरोबर घेऊन, केवळ पाहण्यासाठी आणि शिकण्यासाठी चार दिवस परगावी जायचे, हे अजूनही पैसेवाल्यांचे काम समजले जाते. "तेवढ्या पैशांत घरावर पत्रे पडले असते," असे म्हणणारे शेजारी प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांचे म्हणणे खोटे नाही. म्हणूनच, कष्टाचा पैसा खर्चून जायचे तर कोठे जायचे आणि तेथे काय पाहायचे, याचा विचार आधी झाला पाहिजे.

गेल्या नाताळात आमच्या नागपूरच्या महिला मंडळातील पाच घरांनी मिळून कोलकाता पाहिले. एकोणीस माणसे. सर्वांत धाकटा सहा वर्षांचा आणि सर्वांत मोठ्या म्हणजे सत्तरी ओलांडलेल्या आमच्या सासूबाई. बेत ठरला तेव्हा विहारातल्या बैठकीत एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी सरळ विचारले, "कोलकात्याला आपले काय आहे?" तिथे आपले काय आहे ते आम्ही पाहून आलो. तेच या पानातून भगिनींना आणि बंधूंना सांगायचे आहे.

पैशाची आणि तिकिटाची तयारी

आधी पैशाचे बोलू. आमच्या मंडळात दर आठवड्याला प्रत्येक घरामागे शंभर रुपये बाजूला काढायचे ठरले. पन्नास आठवड्यांत पाच हजार रुपये उभे राहिले. त्यातून जाण्यायेण्याचे भाडे निघाले. राहण्याजेवणाचा खर्च ज्याने त्याने आपापला केला. उसने कोणीही घेतले नाही, आणि तशी अटच होती. कर्ज काढून सहल करू नये. चार दिवसांच्या आनंदासाठी चार महिने सावकाराचे तोंड पाहावे लागले, तर मुलांच्या मनात त्या सहलीची गोड आठवण राहत नाही.

रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी खुले होते. म्हणजे नाताळात निघायचे असेल तर ऑक्टोबरच्या अखेरीस, दीक्षाभूमीवरची गर्दी ओसरली की लगेच तिकिटे काढावीत. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला वेगळी बर्थ नको असेल तर अर्धे तिकीट चालते, बर्थ हवी असेल तर पूर्ण भाडे पडते. हे घरीच ठरवून ठेवावे, खिडकीवर वाद नको.

नागपूरहून हावडा सुमारे ११३० किलोमीटर आहे. आम्ही गीतांजली एक्सप्रेसने गेलो. या गाडीची एक हकीकत मुलांना जरूर सांगावी. २६ डिसेंबर १९७७ रोजी ती सुरू झाली तेव्हा तिला पहिला वर्गच नव्हता. सर्व डबे दुसऱ्या वर्गाचे होते. त्या वेळचे रेल्वेमंत्री मधु दंडवते हे आपल्या महाराष्ट्राचे समाजवादी नेते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर मऊ गादी बसवण्याचे काम त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाले. आज त्या गाडीला वातानुकूलित डबेही आहेत. परंतु गरिबाची पाठ दुखते हे ध्यानात घेणारा एक मंत्री होऊन गेला, हे आपल्या मुलांना माहीत असावे.

संध्याकाळी नागपूर सोडले की गोंदिया, दुर्ग, रायपूर झोपेपूर्वी मागे पडतात. सकाळी झारखंड, मग टाटानगर आणि खरगपूर. खरगपूरनंतर मुले खिडकीला चिकटली. प्रत्येक घरामागे एक तळे, आणि खजुराच्या झाडांच्या गळ्यात बांधलेली मडकी. थंडीच्या दिवसांत या झाडांचा रस काढून त्याचा गूळ करतात. डब्यातल्या एका गृहस्थांनी विचारले, "गंगासागरला चाललात का?" आमच्यातली एकजण म्हणाली, "नाही दादा, म्युझियम पाहायला." त्यांना आश्चर्य वाटलेले दिसले. पण मग त्यांनीच आम्हाला बंगाली लोकांचा शब्द शिकवला. ते म्युझियमला 'जादुघर' म्हणतात.

नदीवरचा पूल आणि नदीखालची गाडी

हावडा स्टेशनातून बाहेर पडताच समोर हुगळी नदी आणि तिच्यावरचा प्रचंड पूल दिसतो. हा पूल १९४३ साली वाहतुकीला खुला झाला. नटबोल्ट न वापरता, रिव्हेट ठोकून तो जोडलेला आहे. नदीच्या पात्रात त्याला एकही खांब नाही. आमच्यातले दोघे पुरुष कारखान्यात फिटर आहेत. ते पुलाच्या सांध्यांकडे बघत इतका वेळ उभे राहिले की मुलांना त्यांचे हात धरून ओढावे लागले. रिव्हेट तापवणाऱ्या आणि ठोकणाऱ्या कामगारांची नावे त्या पुलावर नाहीत, पण काम डोळ्यांसमोर आहे.

आपल्या देशातील पहिली भुयारी रेल्वे याच शहरात २४ ऑक्टोबर १९८४ रोजी धावली. मार्च २०२४ पासून तर मेट्रो हुगळी नदीच्या पात्राखालून जाते. हावडा स्टेशनवरून एस्प्लनेडला काही मिनिटांत पोहोचता येते. आम्ही जाताना नदीखालून गेलो आणि येताना मुद्दाम होडीने, म्हणजे फेरीबोटीने आलो. दोन्हींचे भाडे कामगार माणसाला परवडणारे आहे. १८७३ साली घोड्यांनी ओढल्या जाणाऱ्या ट्राम येथे आल्या आणि १९०२ पासून विजेच्या धावू लागल्या. त्यांचे दिवस आता भरत आले आहेत. दिसली तर मुलांना तीत एकदा बसवून आणावे.

एक दृश्य मात्र मनाला लागले. काही भागांत अजून हाताने ओढायच्या रिक्षा आहेत. घोड्याच्या जागी माणूस. अनवाणी, घामाघूम, आणि मागे बसलेला माणूस पिशव्या सांभाळत आरामात. आमच्या मुलांनी हट्ट केला नाही. उलट एकाने विचारले, "आई, याला कोणी बंदी कशी घालत नाही?" बंदीची भाषा अनेकदा झाली. पण ओढणाऱ्याला दुसरे काम कोण देणार, हा प्रश्न मागे उरतो. आम्ही त्या रिक्षात बसलो नाही आणि ओढणाऱ्याकडे तुच्छतेने पाहिलेही नाही.

जादुघरात आपल्या माणसांची नावे

सगळ्या सहलीचे चीज झाले ते दुसऱ्या दिवशी. चौरंगीवरचे भारतीय संग्रहालय हे १८१४ साली स्थापन झालेले, देशातील सर्वांत जुने संग्रहालय. सोमवारी ते बंद असते, हे लक्षात ठेवावे. बहुतेक लोक आत शिरतात ते थेट इजिप्तच्या ममीकडे धावतात. आम्ही तळमजल्यावर भारहूतच्या दालनात गेलो.

भारहूत हे मध्य प्रदेशातील सतना जिल्ह्यातले गाव. तेथे सुमारे बावीसशे वर्षांपूर्वीचा एक मोठा स्तूप होता. १८७३ साली अलेक्झांडर कनिंगहॅम तेथे पोहोचले तेव्हा स्तूप जवळजवळ नाहीसा झालेला होता. आसपासच्या लोकांनी विटा घरे बांधायला नेल्या होत्या. स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्याचा काही भाग आणि पूर्वेकडचे तोरण मातीत गाडलेले सापडले. ते तेथेच ठेवले तर तेही जाईल, म्हणून तांबूस दगडांचे ते अवशेष कोलकात्याला आणले गेले. आज त्या दालनात तो कठडा आणि ते तोरण उभे आहे. आपण त्याच्यापुढे मुंगीएवढे वाटतो.

सासूबाई कठड्याच्या कडेने हळूहळू चालत होत्या. १९५६ साली त्या लहान होत्या, वडिलांच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर गेल्या होत्या. लिहिता-वाचता येत नाही. त्यांनी एकेक शिल्प पाहिले आणि विचारले, "पण तथागत कुठंच दिसून नाही राहिले?" प्रश्न अगदी बरोबर होता. त्या काळी बुद्धाची मूर्ती घडवीत नसत. बोधिवृक्ष, धम्मचक्र, पाऊलखुणा किंवा रिकामे आसन, एवढ्यावरूनच 'येथे तथागत आहेत' हे ओळखायचे. नववीतल्या आमच्या मुलीने आजीला ते समजावून सांगितले. मग सासूबाई प्रत्येक शिल्पात बोधिवृक्ष शोधू लागल्या आणि सापडला की हात जोडू लागल्या. दगडावरचे वाचायला त्यांना अक्षर लागले नाही.

एका गोल शिल्पापुढे सगळी मुले थांबली. बैलगाडीतून नाणी उतरवली आहेत, बैल सोडलेले आहेत, आणि दोन माणसे जमिनीवर चौकोनी नाणी फरशीसारखी पसरीत बसली आहेत. हा अनाथपिंडिकाचा प्रसंग. जेतवन विकत घ्यायचे तर सारी जमीन नाण्यांनी झाकून दे, अशी अट होती, आणि त्याने ती पुरी केली. ही गोष्ट आपण विहारात वर्षानुवर्षे ऐकतो. बावीसशे वर्षांपूर्वी कोणा पाथरवटाने तीच गोष्ट ऐकून दगडात कोरली, आणि खाली ब्राह्मी लिपीत तिचे नावही लिहून ठेवले. मुलांना हे पुस्तकात सांगून पटले नसते. तेथे बोटाने दाखवता आले.

आता ब्राह्मी लिपीविषयी. ही लिपी वाचणे लोक शेकडो वर्षे विसरून गेले होते. अशोकाचे लेख समोर असून कोणाला कळत नव्हते. १८३७ साली याच कोलकाता शहरात जेम्स प्रिन्सेप या टांकसाळीतल्या अधिकाऱ्याने ती वाचली. ती कशी उलगडली हे फार मोलाचे आहे. सांचीच्या कठड्यावरच्या छोट्या छोट्या लेखांचे ठसे त्याच्यापुढे होते. त्याला दिसले की बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात. त्याने ओळखले की हे देणगीचे लेख असावेत आणि शेवटचा शब्द 'दानं' असावा. त्या एका शब्दावरून पुढची अक्षरे सुटत गेली आणि सम्राट अशोक पुन्हा बोलू लागला. म्हणजे बंधू-भगिनींनो, ज्यांनी एकेक खांब, एकेक फळी दान दिली, त्या साध्या माणसांच्या दानानेच आपल्या इतिहासाचे कुलूप उघडले.

आमच्या मुलीने वहीत ब्राह्मी मुळाक्षरे उतरवून आणली होती. ब्राह्मीतला 'न' अगदी सोपा आहे. आडव्या रेघेवर एक उभी काठी. अनुस्वाराचा ठिपका आपल्यासारखाच. ती खांबांवर 'दानं' शोधू लागली आणि तिचे बघून बाकीची मुलेही. "इथे आहे! इथे पण आहे!" पहारेकऱ्याने हळू बोलायला सांगितले, पण तोही हसत होता.

आणि ही दाने देणारी माणसे कोठली? भारहूतच्या लेखांत विदिशा आणि पाटलिपुत्र यांच्याबरोबर नाशिकचे नाव येते. करहकट या नगराचे नाव येते. अभ्यासक त्याला आपले कऱ्हाड समजतात. आणि भोजकटच्या एका भिक्खुणीचे दान नोंदलेले आहे. तिचे नाव दिगनागा. भोजकट हे प्राचीन विदर्भातले ठिकाण. अमरावती जिल्ह्यातील भातकुली म्हणजेच भोजकट, असे मानले जाते. आमच्यातल्या एकीचे माहेर भातकुलीच्या पंचक्रोशीतले. तिला हे सांगितले तेव्हा ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "माझ्या गावच्या बाईचं नाव इतक्या दूर लिहिलेलं आहे, अन् आम्हाला कोणी सांगितलं नाही."

'कोलकात्याला आपले काय आहे' या प्रश्नाचे उत्तर आम्हाला तिथे मिळाले.

संग्रहालयाजवळच पार्क स्ट्रीट सुरू होतो. नाताळात तेथे दिव्यांची आरास असते आणि केक घेण्यासाठी झुंबड उडते. आम्हीही मुलांना रोषणाई दाखवली. त्याच रस्त्याच्या तोंडाशी १७८४ साली स्थापन झालेली एशियाटिक सोसायटी आहे. राजस्थानात बैराटजवळ सापडलेला अशोकाचा एक शिलालेख तिच्या संग्रही आहे. त्यात अशोक भिक्खू संघाला वंदन करून सांगतो की बुद्ध, धम्म आणि संघ यांवर आपली श्रद्धा आहे. आपली मुले रोज म्हणतात ते त्रिशरण त्या दगडावर सम्राटाच्या शब्दांत आहे.

कॉलेज स्क्वेअरचे विहार

तिसऱ्या दिवशी आम्ही कॉलेज स्ट्रीटला गेलो. दोन्ही बाजूंना पुस्तकांची दुकाने, जुन्या पुस्तकांचे ढीग, आणि मध्ये विद्यापीठ. जवळच कॉलेज स्क्वेअरला महाबोधी सोसायटीचे धर्मराजिक चैत्य विहार आहे. श्रीलंकेचे अनागारिक धर्मपाल यांनी १८९१ साली महाबोधी सोसायटी स्थापन केली. हे विहार १९२० साली झाले. याच सोसायटीच्या 'महाबोधी' मासिकात १९५० साली बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांच्या धर्माचे भवितव्य' हा लेख इंग्रजीत प्रसिद्ध झाला. धम्मदीक्षेच्या सहा वर्षे आधीचा तो लेख आहे. विहारात आम्ही वंदना घेतली. भन्तेंना आमची मराठी चाल नवी होती, पण पाली शब्द तेच होते.

तेथून जवळच बहुबाजार भागात बौद्ध धर्मांकुर सभा आहे. चितगावकडून आलेल्या कृपाशरण महास्थविरांनी ती १८९२ साली स्थापन केली. बंगालीत बोलणारे, मासे-भात खाणारे, बरुआ आडनावाचे पिढीजात बौद्ध तेथे भेटतात. त्यांनी आपल्याला पाहून आनंद मानला आणि आपण त्यांना पाहून. बौद्ध म्हणजे फक्त आपणच, असे आमच्या मुलांना वाटत होते. आता तसे वाटत नाही.

याच शहराचे बाबासाहेबांवर, म्हणजे आपल्या साऱ्यांवर, एक ऋण आहे. १९४६ साली संविधान सभेसाठी प्रांतिक विधानसभांतून सभासद निवडले गेले. मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना निवडून येण्याची वाट नव्हती. तेव्हा बंगालमधील नमशूद्र समाजाचे नेते जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धडपड करून बंगालमधून त्यांना निवडून दिले. पुढे फाळणीने ते सभासदत्व संपले आणि १९४७ साली ते मुंबईतून पुन्हा निवडले गेले. पण संविधान सभेचे दार प्रथम उघडले ते बंगालच्या दलितांनी. पश्चिम बंगालची विधानसभा हायकोर्टाच्या परिसरात आहे. तिच्या फाटकाबाहेर उभे राहून आम्ही ही हकीकत मुलांना सांगितली. आत जाता आले नाही, त्याचे वाईटही वाटले नाही.

मुलांचा दिवस

चौथा दिवस मुलांचा. सगळे आपल्याच मनासारखे पाहायला लावले तर मुले पुढच्या वर्षी येणार नाहीत. अलीपूरचे प्राणिसंग्रहालय १८७६ पासूनचे आहे. २५ डिसेंबर आणि १ जानेवारी या दोन दिवशी तेथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून ते दिवस टाळावेत. गुरुवारी ते बंद असते. व्हिक्टोरिया मेमोरियलची पांढरीशुभ्र इमारत १९२१ साली पुरी झाली. तिच्या बागेत बसायला छान वाटते. वेळ उरला तर नदीपलीकडे शिबपूरच्या वनस्पती उद्यानातला प्रचंड वड पाहावा. त्याचे मूळ खोड कुजल्याने १९२५ साली कापून टाकावे लागले. झाड मात्र आपल्या पारंब्यांवर उभे आहे, आणि वाढते आहे.

खाण्याचे हाल होत नाहीत. सकाळी लुची आणि बटाट्याची भाजी, दुपारी मासे-भात किंवा डाळ-भात, संध्याकाळी कुरमुरे आणि भजी. हिवाळ्यात खजुराच्या नव्या गुळाचा, म्हणजे 'नोलेन गुड'चा संदेश मिळतो. तो एकदा तरी घ्यावा. भाषेची भीती बाळगू नये. बंगालीतही 'दादा' म्हणजे दादाच. हिंदीने काम भागते.

भगिनींसाठी काही सूचना

कोलकात्यात नागपूरपेक्षा लवकर अंधार पडतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणून सकाळी लवकर निघावे आणि सहापर्यंत मुक्कामी परतावे. पहाटेच्या थंडीसाठी प्रत्येकाला एक स्वेटर पुरे होते. म्हाताऱ्या माणसांची औषधे दोन पिशव्यांत विभागून ठेवावीत. प्रत्येक मुलाच्या खिशात घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असावी. राहण्याची व्यवस्था निघण्यापूर्वी पक्की करावी. विहारात सोय होते का, हे आधी विचारावे, आणि झाली तर यथाशक्ती दान द्यावे.

आणखी एक. सहलीत बायकांनी स्वयंपाक करू नये. आमच्यात हा ठराव एकमताने मंजूर झाला. स्टोव्ह आणि डबे घेऊन गेले तर बाईच्या नशिबी तीच चूल, फक्त गाव वेगळे. चार दिवस आम्ही बाकावर बसून खाल्ले आणि पुरुषांनी पाण्याच्या बाटल्या भरून आणल्या. कोणाचे काही बिघडले नाही.

बाबासाहेब परदेशात अर्धपोटी राहिले, पण ग्रंथालये आणि पुस्तकांची दुकाने त्यांनी सोडली नाहीत. आपल्या मुलांना आपण न्यूयॉर्क-लंडनला नेऊ शकत नाही. पण वर्षातून एकदा, साठवलेल्या पैशांत, एखाद्या मोठ्या शहरातल्या संग्रहालयापर्यंत नेऊ शकतो. घरावरचे पत्रे पुढच्या वर्षीही बदलता येतील. मूल मात्र चौदा वर्षांचे एकदाच असते.

आमची मुलगी आता वस्तीतल्या सहा मुलांना रविवारी विहारात ब्राह्मी अक्षरे शिकवते. पहिला शब्द अर्थातच 'दानं'. पुढच्या नाताळासाठी मंडळाची पेटी पुन्हा सुरू झाली आहे. ज्यांना आपापल्या वस्तीत अशी पेटी सुरू करायची असेल, त्यांनी नवीन वर्षाची वाट पाहू नये. येत्या रविवारीच पहिले शंभर रुपये बाजूला काढावेत.

जयभीम.